वसतिगृहाच्या पटांगणातून ग्रहांची छायाचित्रे

वसतिगृहाच्या रात्रीच्या देखरेखीची पाळी ज्याच्याकडे वर्षानुवर्षे असते, त्याला आकाश न शिकताच पाठ होते. साडेनऊला दिवे मालवावेत, दोन्ही मजल्यांवरून एक फेरी मारावी आणि मग विहारासमोरच्या पायरीवर बसावे, हा आमचा कित्येक वर्षांचा क्रम आहे. आमचा विषय इतिहास. भौतिकशास्त्राशी असलेला संबंध विद्यार्थिदशेतच सुटला. तरीही या स्मरणिकेसाठी काही लिहावे अशी सूचना झाली, तेव्हा आम्ही ग्रहांच्या छायाचित्रणाचा विषय निवडला. याला कारण एक दुर्बीण आणि एक अपमान. दोहोंचा वृत्तांत यथाक्रम येईलच.

दुर्बीण 2019 साली आली. आपल्याच वसतिगृहात वाढलेल्या एका विद्यार्थ्याने नोकरीच्या पहिल्या वर्षाच्या बचतीतून ती शाळेला दिली आणि भेटपत्रावर आपले नाव घालू नये अशी अट घातली. ती अट येथेही पाळली आहे. ही परावर्ती दुर्बीण आहे. तिच्या तळाशी 150 मिलिमीटर व्यासाचा अंतर्वक्र आरसा असून त्याचे नाभीय अंतर 1200 मिलिमीटर आहे. नळी लाकडी बैठकीवर ठेवलेली असते व हाताने ढकलून फिरवावी लागते. मोटार नाही, तारांचा पसारा नाही. अशा बैठकीला डॉब्सोनियन म्हणतात. जॉन डॉब्सन हा अमेरिकेतील वेदान्त मठातला संन्यासी. मठात राहून टाकाऊ काच घासून तो आरसे बनवी आणि रात्री रस्त्यावरच्या लोकांना आकाश दाखवी. या उद्योगापायी 1967 मध्ये त्याला मठ सोडावा लागला. पुढे सॅन फ्रान्सिस्कोच्या पदपथांवर त्याने हेच काम आयुष्यभर केले. ज्ञान दाराबाहेर आणून ठेवणारा माणूस कोणत्या मठातून आला, हे आम्ही पाहत नाही.

आता थोडे गणित. आकाशातील अंतरे अंशांत मोजतात. एका अंशाच्या 60 कला आणि एका कलेच्या 60 विकला. पूर्ण चंद्राची चकती सुमारे 30 कला रुंद दिसते. गुरू पृथ्वीच्या जवळ असतो तेव्हा त्याची चकती 45 ते 50 विकला, म्हणजे ढोबळमानाने चंद्राच्या चाळिसाव्या भागाएवढी असते. यावरून असे निघते की 40 पट मोठे करून दाखवणाऱ्या दुर्बिणीतून गुरू साध्या डोळ्यांना दिसणाऱ्या चंद्राएवढा दिसला पाहिजे. तो खरोखरच तेवढा असतो, परंतु पहिल्यांदा डोळा लावणाऱ्या शंभरांपैकी नव्वद मुले म्हणतात, "सर, लहानच आहे." डोळ्यालाही मोजण्याची सवय लावावी लागते. आमच्याकडे दोन नेत्रिका आहेत, 25 मिलिमीटर व 10 मिलिमीटरच्या. आरशाच्या नाभीय अंतराला नेत्रिकेच्या नाभीय अंतराने भागले की वर्धन मिळते: पहिलीने 48 पट, दुसरीने 120 पट. सातवीच्या मुलालाही हा भागाकार येतो, आणि आपण पाहत असलेली वस्तू किती पट मोठी झाली हे त्याला स्वतः काढता येते.

छायाचित्रासाठी मोठा, महागडा कॅमेरा हवा अशी सर्वसाधारण समजूत आहे. ग्रहांच्या बाबतीत ती चुकीची आहे. आमच्या आरशाने तयार होणारी गुरूची प्रतिमा प्रत्यक्षात एक मिलिमीटरच्या चौथ्या हिश्श्याएवढी असते. मोहरीच्या दाण्यापेक्षाही लहान असलेल्या या प्रतिमेसाठी तळहाताएवढी प्रकाशग्राही काच घेऊन काय करायचे? जुन्या संगणकावर चिकटवलेला वेबकॅम किंवा खिशातला मोबाईल येथे चांगले काम देतो, कारण त्याचे प्रकाश टिपणारे कण अगदी बारीक आणि एकमेकांना लागून असतात. गरिबाच्या घरची वस्तू येथे केवळ चालते असे नाही. ती योग्य ठरते. ही गोष्ट मुलांना सांगताना आम्हांला विशेष समाधान वाटते.

मोबाईलची रीत सोपी. नेत्रिकेतून ग्रह स्पष्ट दिसू लागला की मोबाईलची काच नेत्रिकेच्या काचेसमोर धरायची. हाताने धरल्यास थरथर होते. म्हणून शाळेच्या कार्यशाळेत आम्ही पाण्याच्या पीव्हीसी पाइपाचा तुकडा, प्लायवुडची पट्टी आणि सायकलच्या ट्यूबचे रबर यांची एक पकड बनवून घेतली. पहिल्या रात्री पडद्यावर गुरू एखाद्या पांढऱ्या दिव्यासारखा उमटला. पट्टे नाहीत, रंग नाही. दोष मोबाईलचा नव्हता. भोवतालचे काळे आकाश पाहून कॅमेरा समजतो की अंधार आहे आणि स्वतः होऊन अधिक प्रकाश घेतो. पडद्यावर ग्रहाच्या ठिकाणी बोट दाबून ठेवून तो प्रकाश कमी करावा लागतो, इतका की ग्रह मंद, करडा वाटावा. तेव्हा कुठे विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंचे दोन तपकिरी पट्टे दिसू लागतात. मात्र असे केले की गुरूचे चंद्र नाहीसे होतात. ते ग्रहाच्या मानाने फारच मंद आहेत. म्हणून एका ग्रहाची दोन चित्रणे घ्यावीत: एक ग्रहाच्या अंगावरील खुणांसाठी, दुसरे चंद्रांसाठी. शनी गुरूपेक्षा सूर्यापासून जवळजवळ दुप्पट दूर आहे. त्याच्या पृष्ठावर पडणारा सूर्यप्रकाश गुरूच्या मानाने तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी असतो. त्यामुळे शनीसाठी प्रकाश तितक्याच पटीने जास्त वेळ घ्यावा लागतो.

वेबकॅमच्या रीतीत नेत्रिकाच काढून टाकायची. वेबकॅमचे पुढचे भिंग आटे फिरवून काढले की आतली प्रकाशग्राही चकती उघडी होते. ती दुर्बिणीत बसवायची कशी, याचे उत्तर तालुक्याच्या गावातील एका जुन्या फोटो स्टुडिओत सापडले. कॅमेऱ्याचा रोळ ज्या काळ्या प्लॅस्टिकच्या डबीत येत असे, तिचा व्यास जवळजवळ सव्वा इंच असतो, आणि नेत्रिकेच्या भोकाचे मापही सव्वा इंच. स्टुडिओवाल्या काकांनी माळ्यावरून डबीभर डब्या काढून दिल्या. "रोळ संपले, आता यांचे काय करू?" असे ते म्हणाले. डबीचा तळ कापून तिच्यावर वेबकॅम चिकटवला. पुढे दुप्पट करणारे बार्लो भिंग घेतले, त्यामुळे गुरूची चकती चित्रात नव्वदेक ठिपके रुंद येऊ लागली. ऐकायला हे फार नाही. परंतु त्यांत पट्टे दिसतात, ध्रुवांकडचा करडेपणा दिसतो, आणि गुरू पूर्ण गोल नसून दोन्ही ध्रुवांशी चेपलेला आहे हेही पट्टीने मोजता येते.

एवढे झाले तरी पहिल्या दोन महिन्यांतील आमची सर्व चित्रे पाण्याच्या तळाशी पडलेल्या नाण्यासारखी हलणारी होती. हा हवेचा परिणाम. ग्रहाचा प्रकाश कोट्यवधी किलोमीटर सरळ येतो आणि शेवटच्या काही किलोमीटरांत, गरम-थंड हवेच्या थरांतून येताना, डळमळतो. तारे ज्या रात्री फार लुकलुकतात, ती रात्र कवितेला बरी, ग्रहांच्या चित्राला वाईट. आम्ही सुरुवातीला हौसेने दुर्बीण गच्चीवर नेत होतो. दिवसभर तापलेला सिमेंटचा स्लॅब रात्री अकरापर्यंत उष्णता सोडत राहतो, हे ध्यानात यायला वेळ लागला. पटांगणाच्या गवती कोपऱ्यात उतरलो आणि त्याच दुर्बिणीतून वेगळाच गुरू दिसू लागला. खोलीतून बाहेर काढलेला आरसाही तासभर थंड होऊ द्यावा लागतो. म्हणून सायंकाळच्या वंदनेला जाताना दुर्बीण बाहेर ठेवायची आणि जेवणानंतर तिच्याकडे जायचे असा नियम केला. आणखी एक गोष्ट अनुभवाने कळली. पावसाळ्यानंतरची धुतल्यासारखी काळीभोर रात्र नेहमीच उत्तम नसते. किंचित धुरकट, वारा पडलेली, पान न हलणारी रात्र पुष्कळदा अधिक चांगले चित्र देते. ग्रह तेजस्वी असल्यामुळे पौर्णिमेच्या चांदण्याचाही त्यांना अडथळा होत नाही, आणि आपल्या शाळेत पौर्णिमेच्या रात्री मुले तशीही उशिरापर्यंत जागी असतात.

स्थिर रात्रीही हवा सतत स्थिर नसते. ती क्षणभर थांबते, पुन्हा हलते. म्हणून एक छायाचित्र न काढता चलच्चित्र घ्यावे, हे या विद्येचे मर्म आहे. सेकंदाला 30 चित्रे या हिशेबाने दीड मिनिटात 2700 चित्रे मिळतात. त्यांतील बहुतेक विसकटलेली असतात, पण काहीशे चित्रे त्या थांबलेल्या क्षणांत टिपलेली असतात. ऑटोस्टॅकर्ट, रजिस्टॅक्स अशी विनामूल्य सॉफ्टवेअरे ही चांगली चित्रे निवडतात, एकावर एक अचूक बसवतात आणि त्यांची सरासरी काढतात. एका चित्रात जो वाळूसारखा रवाळपणा असतो, तो 400 चित्रांच्या सरासरीत विसाव्या हिश्श्यावर येतो, कारण तो संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटतो. गणिताच्या सरांनी हे उदाहरण वर्गमुळाच्या पाठात घेतले, तेव्हा आम्हांला आमच्या खात्याचा थोडा गर्व वाटला.

आमच्या बैठकीला मोटार नसल्याने पृथ्वीचे फिरणे येथे प्रत्यक्ष भेटते. आकाश सेकंदाला 15 विकला सरकते. वेबकॅमच्या चौकटीत 10 कलांचे आकाश मावत असेल, तर ग्रह एका कडेने शिरून 40 सेकंदांत दुसऱ्या कडेने निघून जातो. एका मुलाने नळी किंचित पुढे ढकलून थांबायचे, दुसऱ्याने संगणकावर ग्रह चौकटीत आला की कळ दाबायची, तिसऱ्याने वहीत वेळ लिहायची. असे तीन-चार तुकडे जोडून दीड-दोन मिनिटांचे चित्रण होते. त्याहून फार लांबवण्यातही अर्थ नसतो. गुरू स्वतःभोवती दहा तासांच्या आत फिरतो. दहा मिनिटे चित्रण चालवले तर त्याच्या अंगावरील खुणा 6 अंश सरकलेल्या असतात आणि सरासरीत पुसट होतात.

एक सूचना ठळकपणे: सूर्य मावळल्याशिवाय शुक्र किंवा बुध शोधण्यासाठी दुर्बीण पश्चिमेला वळवू नये. नेत्रिकेत क्षणभर आलेला सूर्य डोळा कायमचा घालवतो. ही दुर्बीण मुलांच्या हाती देताना आम्ही हे पहिले वाक्य म्हणून सांगतो.

2020 चा डिसेंबर आठवतो. शाळा बंद, वसतिगृह रिकामे, खाटांवरच्या गाद्या गुंडाळून ठेवलेल्या. पहारेकरी आणि आम्ही, एवढीच वस्ती. 21 डिसेंबरला गुरू आणि शनी यांची युती होती. दोघांतील अंतर अवघे 6 कला, म्हणजे चंद्राच्या रुंदीच्या पाचव्या हिश्श्याएवढे. सूर्य मावळल्यावर नैर्ऋत्येला, क्षितिजापासून फार वर नाहीत, असे ते दिसले. नेत्रिकेच्या एकाच वर्तुळात एकीकडे चंद्रांसह गुरू आणि दुसरीकडे कडीसह शनी. मोबाईलच्या पकडीतून ते चित्र घेतले. पहारेकऱ्याने डोळा लावला आणि बराच वेळ काढला नाही. ते चित्र आम्ही मुलांच्या पालकांना पाठवले. पण ज्यांच्या घरी असा फोन होता, त्यांची संख्या निम्म्याहून कमी होती. उरलेल्यांना ते जानेवारीच्या पत्रांतून छापून पाठवले. कागदावर शनी म्हणजे तांदळाचा तुकडा दिसत होता. तरी एका मुलीने ते चित्र घरातल्या बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी चिकटवल्याचे नंतर कळले.

आता अपमानाची हकीकत.

2023 च्या नोव्हेंबरच्या आरंभी गुरूची प्रतियुती होती. सूर्याच्या नेमका विरुद्ध बाजूला असल्याने तो सूर्यास्ताला उगवून रात्रभर आकाशात राहत असे. नववीच्या दोन मुली आणि एक मुलगा यांनी दिवाळीची सुटी वगळता सलग रात्री चित्रणे घेतली. एका विज्ञान प्रदर्शनात ती मांडली. परीक्षकांनी गुरूचे मोठे छायाचित्र पाहिले, क्षणभर थांबले आणि म्हणाले, "हे इंटरनेटवरचे आहे. वसतिगृहातल्या मुलांकडून असे कसे होईल?" एका मुलीने वही उघडून पुढे केली. ते तोवर शेजारच्या मांडणीकडे वळले होते. परतीच्या एस.टी.त तिघांपैकी कोणी बोलले नाही. हे वाक्य आपल्या मुलांना वेगवेगळ्या तोंडांतून किती वेळा ऐकावे लागते, हे या स्मरणिकेच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही.

त्या रात्री आम्हांला झोप आली नाही, आणि केवळ संतापाने नव्हे. मांडलेले चित्र आम्ही पुन्हा काढून पाहिले. मुलांनी तयार केलेले मूळ चित्र सौम्य होते, दोन पट्ट्यांचे, थोडे मऊ. बक्षिसाच्या मोहाने त्याची धार वाढवण्याचे काम आम्ही स्वतः, मुले झोपल्यावर, संगणकावर केले होते. रजिस्टॅक्समधील पट्ट्या उजवीकडे सरकवत गेले की खुणा उठावदार होतात. पण एका मर्यादेपुढे जे उठते ते ग्रहावर नसतेच. आमच्या चित्रात ग्रहाच्या कडेभोवती एक पांढरी किनार आली होती आणि पट्ट्यांमध्ये वादळांसारखे ठिपके. ती वादळे गुरूवर नव्हती. रवाळपणाला धार लावून आम्ही ती निर्माण केली होती. परीक्षकांचा उद्गार अन्याय्यच होता, त्यात आम्ही कणभर सूट देत नाही. परंतु ज्या चित्राच्या बळावर मुलांनी ताठ उभे राहायचे, ते चित्र पूर्णतः त्यांचे राहिले नव्हते. दुसऱ्या दिवशी वर्गात ते सांगितले. एक मुलगी म्हणाली, "सर, मग आमचंच लावायचं होतं ना." यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते.

इतिहासाच्या शिक्षकाला अशा वेळी साधनांकडे जावेसे वाटते. मंगळाची गोष्ट येथे सांगण्याजोगी आहे. अमेरिकेतील पर्सिव्हल लॉवेल यांना मंगळावर सरळ रेषांचे जाळे दिसे आणि ते कालवे असून बुद्धिमान प्राण्यांनी खणले असावेत असे ते मांडत. 1903 साली ग्रीनिच वेधशाळेतील एडवर्ड मॉन्डर यांनी एक प्रयोग केला. ग्रीनिचलाच नाविकांच्या मुलांची एक निवासी शाळा होती. तेथील मुलांना वर्गात निरनिराळ्या अंतरांवर बसवले आणि समोर मंगळाचे चित्र लावून ते पाहून काढण्यास सांगितले. चित्रात ठिपके आणि वेडेवाकडे डाग होते, रेषा नव्हत्या. जवळच्या मुलांनी डाग काढले. मधल्या अंतरावरील मुलांनी सरळ रेषा काढल्या. डोळा आपल्या क्षमतेच्या सीमेवर आला की तुटक गोष्टी स्वतःच जोडून घेतो, हे एका निवासी शाळेच्या मुलांनी जगाला दाखवून दिले. पुढे 1905 मध्ये लॉवेलच्या वेधशाळेत मंगळाची छायाचित्रे निघाली, तीही कालव्यांचा पुरावा म्हणून पुढे करण्यात आली. 1909 मध्ये पॅरिसजवळच्या म्यूदाँ येथे 83 सेंटिमीटरच्या दुर्बिणीतून अँतोनियादी यांनी मंगळ पाहिला, तेव्हा त्या रेषांच्या जागी अनियमित डागच आढळले. छायाचित्र होते म्हणून वाद मिटला नाही. कोणी, कधी, कशाने आणि कसे काढले याची तपासणी झाली तेव्हा मिटला. ताम्रपट असो की ग्रहाचे चित्र, साधनाची परीक्षा सारखीच करावी लागते. आताच्या काही मोबाईलांतील यंत्रणा चित्र आपोआप सुधारते, म्हणून तर ही तपासणी अधिकच आवश्यक झाली आहे.

त्यानंतर आम्ही पद्धत बदलली. मूळ चलच्चित्र कधीही पुसायचे नाही. त्याच्या नावातच तारीख आणि वेळ लिहायची. वहीत नेत्रिका किंवा भिंग कोणते, हवा कशी, नळी कोणी धरली, हे नोंदवायचे. धार लावलेले चित्र मांडायचे असल्यास शेजारी मूळ चित्रही मांडायचे. याहून भक्कम पुरावा गुरू स्वतःच देतो, आणि तो आम्हांला उशिरा सुचला. त्याचे आयो, युरोपा, गॅनिमीड व कॅलिस्टो हे चार चंद्र दर रात्री, किंबहुना दर तासाला, जागा बदलतात. चित्रातील त्यांची मांडणी ही त्या क्षणाची मोहोरच असते. स्टेलॅरियम या विनामूल्य सॉफ्टवेअरमध्ये वहीतील तारीख व वेळ घातली की चंद्र कोठे असायला हवे होते ते दिसते. आमच्या मुलांच्या सर्व रात्री तंतोतंत जुळल्या. फक्त एक रात्र जुळेना; तेव्हा वहीत वेळ लिहिणाऱ्याने दहाऐवजी अकरा लिहिल्याचे निघाले. चंद्रांनी चूक पकडली.

गॅलिलिओच्या वहीचीही कथा अशीच आहे. 7 जानेवारी 1610 च्या रात्री त्याला गुरूशेजारी तीन लहान तारे एका रेषेत दिसले. पुढच्या रात्रींत ते जागा बदलताना आढळले, आणि 13 तारखेला चौथा दिसला. गुरूसाठी एक वर्तुळ आणि चंद्रांसाठी बारीक चांदण्या, एवढ्याच चिन्हांत त्याने रात्रीमागून रात्र टिपून ठेवली. सर्व काही पृथ्वीभोवती फिरते या मताला त्या नोंदींनी तडा गेला. आमच्या मुलांनी हेच छायाचित्रांत केले. गुरूच्या चकतीची रुंदी हेच माप धरून प्रत्येक चंद्र किती दूर आहे ते पट्टीने मोजले आणि आलेखाच्या कागदावर रात्रींप्रमाणे मांडले. ढगांमुळे मध्ये तीन रात्री रिकाम्या राहिल्या, तरी गॅनिमीडची लाट स्पष्ट उमटली: फेरीचा काळ सात दिवसांहून थोडा जास्त. पुस्तकातील आकडा 7.15 दिवस आहे. आयो इतका चपळ आहे, 1.77 दिवसांत एक फेरी, की रोज एकदाच चित्र घेऊन त्याचा मेळ लागेना. त्यासाठी एका रात्रीत दर तासाला चित्रण करावे लागले. पहाटे दोनला मुलांना चहा करून देण्यास स्वयंपाकघरातील मावशींनी कुरकुर न करता मान्यता दिली, हेही येथे नोंदवले पाहिजे.

आमच्या प्रांताला ही परंपरा नवी नाही. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी 1888 च्या सुमारास महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभारली. तेथे 20 इंची आरशाची दुर्बीण होती, त्या काळी भारतातील सर्वांत मोठी. 22 जानेवारी 1898 चे खग्रास सूर्यग्रहण त्यांनी जेऊर येथे तळ ठोकून टिपले. 1912 मध्ये ते निवृत्त झाल्यावर वेधशाळा बंद पडली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली. एका माणसाच्या निवृत्तीबरोबर संपलेल्या कामांची यादी आपल्याकडे लांब आहे. म्हणूनच आमच्या निवृत्तीला अजून काही वर्षे असताना दुर्बिणीची किल्ली आम्ही आठवीच्या मुलांकडे दिली आहे.

मंगळाबद्दल आणखी एक. 2022 च्या डिसेंबरात त्याची प्रतियुती झाली, तेव्हा त्याची चकती 17 विकलांची होती. आमच्या चित्रात एक नारिंगी टिकली आणि तिच्यावर काळसर डाग दिसतो. पालकसभेच्या दिवशी ते फलकावर लावले होते. एक माउली बराच वेळ त्यासमोर उभी राहिली. तिच्या थोरल्या मुलीची सोयरीक 'मंगळ आहे' म्हणून मोडली होती. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरांतही पत्रिका मागच्या दाराने येते, हे आपण मनातून जाणतो. तिने चित्राजवळ बोट नेले आणि विचारले, "एवढाच व्हय हा, सर?" आम्ही तिला रात्री थांबवून घेतले आणि दुर्बिणीतून मंगळ दाखवला. ती काही बोलली नाही. पुढच्या सभेला मात्र थोरल्या मुलीला बरोबर घेऊन आली, आणि दोघींनी आधी दुर्बिणीचीच चौकशी केली.

आता पुढील काळाविषयी. 23 मार्च 2025 रोजी पृथ्वी शनीच्या कड्यांच्या पातळीतून गेली, त्यामुळे 2025 मध्ये कडी सुईसारखी बारीक दिसत होती. 2019 मध्ये ज्यांनी रुंद कडी व त्यांतील कॅसिनीची फट पाहिली होती, त्यांनी आताचा शनी मुद्दाम पाहावा. ती पुन्हा हळूहळू उघडत जाऊन 2032 च्या सुमारास पूर्ण कलतील. शनीची पुढील प्रतियुती 4 ऑक्टोबर 2026 ला आहे, मंगळाची 19 फेब्रुवारी 2027 ला. गुरूची त्याआधी, 10 जानेवारी 2026 ला येते. या वेळी तो मिथुन राशीत असल्याने मध्यरात्री आपल्या जवळजवळ डोक्यावर येईल. तेथे हवेचा थर सर्वांत पातळ असतो, म्हणून चित्रास ती जागा उत्तम. अडचण एवढीच की डॉब्सोनियन बैठक नेमकी डोक्यावर रोखणे त्रासाचे असते. नळी जागच्या जागी घुटमळते. यास्तव मध्यरात्रीच्या दीड-दोन तास आधी चित्रण उरकावे.

माजी विद्यार्थ्यांचा मेळावा जानेवारीतच आहे. जेवणानंतर, साधारण नऊपासून, दुर्बीण विहाराच्या उत्तरेकडील गवती कोपऱ्यात असेल. गुरू तोवर पूर्वेला पुरेसा वर आलेला असेल. आठवीची मुले नळी धरतील आणि वेळ लिहितील. पाहुण्यांनी रांगेत उभे राहावे, कारण ती मुले वयाने मोठ्या माणसांनाही मध्ये घुसू देत नाहीत. कोणाच्या घरी बंद पडलेल्या संगणकाचा वेबकॅम किंवा जुन्या रोळाच्या रिकाम्या डब्या असतील, तर त्यांनी त्या अवश्य घेऊन याव्यात. आमच्याकडे आता दोनच उरल्या आहेत.